नाशिकहून पंचवटीत जाणारा जुना पूल कोणता, आणि जवळ काय पाहावं?

रविवार कारंजाकडून गोदावरी ओलांडून पंचवटीत नेणारा हा अहिल्यादेवी होळकर पूल. ब्रिटिश काळातला, जुनी मंडळी अजूनही त्याला व्हिक्टोरिया पूल म्हणतात.

नाशिकच्या बाजूला, पुलाच्या तोंडाशीच सुंदरनारायण मंदिर आहे. दगडातलं कोरीवकाम बघायला तिथे जरूर थांबा. बहुतेक लोक सरळ पुढे निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पूल ओलांडलात की उजवीकडे घाटाने चालत रामकुंड गाठा. वरच्या कपालेश्वरात शंकरासमोर नंदी नाही. पुढे काळाराम मंदिर. याच मंदिरातल्या प्रवेशासाठी 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. नुसतं दर्शन घेऊन परत फिरू नका, तो इतिहास आठवत आवारात थोडं बसा. सीता गुंफा तिथून जवळच आहे, रांग मात्र असते.

घाटावरचा दुतोंड्या मारुती चुकवू नका. पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरून नाशिककर पूर किती आला ते सांगतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाटावर उतरू नका, पुलावरूनच बघा. गाडी लांब लावून पायीच फिरा, तिथे पार्किंगचे हाल आहेत.