काकू, त्यांनी बस विचारली होती

"इतकी वर्षं लोकांचं केलं, आता कुणी समोर आलं की कपाळाला आठ्या पडतात. माझी माया आटली का हो?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, आजारी सासूचं करणाऱ्या सुना हे विचारतात आणि निवृत्तीनंतर सेवेला लागलेली मंडळीही. त्यातल्याच एका काकूंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

काकू इंदूरच्याच, रामबागेकडच्या. बँकेतून निवृत्त झाल्या आणि एका मोठ्या रुग्णालयात झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या मदतीला जाऊ लागल्या. कुठली खिडकी, कुठला कागद, रक्ताची सोय कशी करायची, सगळं त्या सांगायच्या. आयुष्मान योजना २०१८ मध्ये आली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दाखल झाल्यावर, नुसत्या ओपीडीला नाही. हे समजावता समजावता घसा बसायचा. फोन नंबर सगळ्यांकडे. रात्री अकरालाही रिंग वाजायची.

एक दिवस एका म्हाताऱ्यावर त्या चारचौघांत खेकसल्या. "एकच गोष्ट तीनतीनदा विचारत होता गं. मी ओरडले, तसा कागद छातीशी धरून मागे सरकला बिचारा." त्यानंतर काकूंना झोप येईना.

मी पहिल्यांदा त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. लोकांना याचा राग येतो. मन मोकळं करायला यावं आणि बाईंनी थायरॉइड नि हिमोग्लोबिन विचारावं! पण साठी ओलांडलेल्या बाईची चिडचिड शरीरातूनही येत असते. काकूंचं बी-१२ बरंच कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. थकवा थोडा उतरला, चिडचिड मात्र उरलीच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाचा ताण दीर्घकाळ साचल्यानं येणारी ही अवस्था आहे. ही व्याख्या नोकरीपुरती आहे खरी, पण काकूंच्यात तिन्ही दिसत होती. आणि नोकरीत निदान रजेचा अर्ज तरी करता येतो.

मग मी तो प्रसंग शब्दन् शब्द पुन्हा सांगायला लावला.

"म्हातारा नेमकं काय म्हणाला?"

"कार्डाचंच काहीतरी असणार."

"असणार नको, काकू. त्यांचे शब्द आठवा."

बराच वेळ गेला. "'बाई, झाबुआ की आखरी गाड़ी कब है?'" मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या पेशंटला सुट्टी मिळाली होती. त्यांना गंगवाल बस स्टँड गाठायचं होतं, आणि काकू तिसऱ्यांदा आयुष्मान कार्ड समजावत होत्या. आधी हसू आलं, मग रडू.

पुढचा आठवडा मी त्यांना वही लिहायला लावली. डावीकडे काय विचारलं, उजवीकडे आपण काय केलं. एक नोंद अशी होती: "विचारलं – एक्स-रे कुठे काढतात? केलं – सोबत गेले, रांगेत उभी राहिले, पैसे भरले, घरून डबा मागवला." डाव्या बाजूला एक ओळ, उजवीकडे पान भरलेलं. पैसे तर क्वचितच कुणी मागितले होते. माझ्या अनुभवात अडचणीतल्या माणसाला आपल्याला काय हवंय हे बहुतेक वेळा पक्कं ठाऊक असतं. न मागितलेलं ओझं उचलून आपण दमतो आणि राग त्याच्यावर काढतो. काकूंना हे पटायला जड गेलं. "घरात आता मला कोण काय विचारतं?" एवढंच म्हणाल्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ती भूक रुग्णालयाच्या व्हरांड्यात भागवायची नाही. त्यावर आमच्या पुढच्या बैठकी झाल्या.

आता आठनंतरचे फोन दुसरे दोघे स्वयंसेवक पाळीपाळीनं घेतात. कुणाची उदासी दोन आठवडे हटत नसेल तर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

रविवारी काकूंचा फोन बंद असतो. पहिल्या रविवारी त्यांनी तो कपाटात कुलपात ठेवला आणि किल्ली सुनेच्या स्वाधीन केली. दुपारी मागितली. सुनेनं दिली नाही.