आधी बाटल्या, मग मशीन
आठवडा झाला नाही तोच तुला आयसीपी-एमएसवर, म्हणजे नमुन्यातले धातू अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजणाऱ्या मशीनवर, बसायची घाई झालीये, दिसतंय मला. पण अगं, सुरुवातीला बाटल्याच धुवायच्या. 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून, मग शुद्ध पाण्याने तीनदा विसळून, झाकून वाळवायच्या. आपण मोजतो ते लिटरमागे मायक्रोग्रॅम. मुंबईच्या रस्त्यावरची धूळ खिडकीतून आली तरी शिशाचा आकडा फुगतो. पावडरवाले हातमोजे नकोतच, त्यातून जस्त येतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी जस्त वाढलं म्हणून मी ठाण्याच्या खाडीला शिव्या घालत होते, आणि ब्लँक, म्हणजे नमुना न घालता केलेली तपासणी, लावायलाच विसरले होते!

खाऱ्या नमुन्यात आर्सेनिक सांभाळून मोज. मशीनमधला आर्गॉन आणि मिठातलं क्लोरीन जुळून वस्तुमान 75 होतं, म्हणजे हुबेहूब आर्सेनिक. आणि माशात आर्सेनिक दिसलं की लगेच पेपर लिहायला बसू नकोस; त्यातलं बरंचसं आर्सेनोबीटेन असतं, जवळजवळ निरुपद्रवी. पाऱ्याचं उलट. माशाच्या मांसात तो मुख्यतः मिथाइल पारा असतो, तोच मज्जासंस्थेला भोवतो. 1956 मध्ये जपानच्या मिनामातात आजार नोंदला गेला तो त्यामुळेच. एकूण आकड्यावर थांबू नकोस, रूप कोणतं ते विचार. सेलेनियमचा अभ्यास कधीतरी निवांत कर. कमी पडलं तरी त्रास, थोडं जास्त झालं तरी त्रास.

हो, आणि नमुन्यासाठी बोंबील आणशील तेव्हा कोळणीला आधीच सांग, 'मावशी, साफ करू नका'. स्टीलच्या सुरीचं क्रोमियम-निकेल लागतं. सिरॅमिकची सुरी माझ्या कप्प्यात आहे. वापर, पण धुऊन ठेव.