ट्रायलमध्ये गेलं तर आईला औषधाऐवजी साखरेची गोळी देतील का?

ही भीती बहुतेक घरांत असते. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये, म्हणजे नवा उपचार रुग्णांवर तपासून पाहण्याच्या अभ्यासात, सहसा असं होत नाही. चांगली उपचारपद्धत असेल तर एका गटाला तीच मिळते, दुसऱ्याला तीच अधिक काहीतरी नवं, किंवा तिच्याऐवजी नवं. कोण कुठल्या गटात, ते डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं.

टाटा मेमोरियलचंच उदाहरण घ्या. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचं साधं स्वस्त इंजेक्शन, दिल्याने फायदा होतो का, हे त्यांनी सुमारे 1600 बायकांवर तपासलं. ऑपरेशन दोन्ही गटांचं झालंच. 2023 मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात 90.1 टक्के हयात, दुसऱ्यात 86.4. त्या बायका तयार झाल्या म्हणूनच हे कळलं, आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

पण नवं म्हणजे चांगलंच, असंही नाही. तेच तर तपासायचं असतं.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. ट्रायलचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. कुठल्या तपासण्या फुकट, कुठल्या आपल्या खर्चाने, जादा फेऱ्या किती, हे स्पष्ट करून घ्या. नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. आई कधीही बाहेर पडू शकते, आणि बाहेर पडली म्हणून तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आणि हो, सही करण्याआधी आईलाही विचारा. निर्णय तिचा आहे.