वाचकांचे प्रश्न : पीएच.डी.चा खर्च कोण देणार?

प्रश्न : बी.टेक. (संगणक) ७८ टक्क्यांनी झालो. संगणकीय भाषाविज्ञानात (संगणकाच्या मदतीने भाषेचा अभ्यास) पीएच.डी. करायची आहे, पण घरून पैसे मिळणार नाहीत. आधी एम.टेक. करावंच लागेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले की यूजीसी-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते आणि ज्या विषयात पीएच.डी. करायची तोच पेपर निवडता येतो. तुम्ही थेट भाषाविज्ञान घ्या. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. वयाची मर्यादा ३० वर्षं. महिला आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. संगणकाची मुलं वाक्यविचार बरा करतात आणि ध्वनिविचारात अडकतात; तयारीची सुरुवात तिथूनच करा.

हैदराबादची ट्रिपल आयटी आणि मराठी वर्डनेटचं (शब्दांचे अर्थसंबंध दाखवणारा संगणकीय कोश) काम करणारी आयआयटी मुंबई आधी पाहा. अमेरिकेत बी.टेक.नंतर थेट अर्ज चालतो. फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो, पण बहुतेक मुदती डिसेंबरात संपतात, म्हणून विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) ऑगस्टातच मागा. जर्मनीत (सारब्रुकेन, ट्युबिंगेन) पीएच.डी.ची जागा बहुधा नोकरी म्हणूनच निघते. पगार टीव्ही-एल १३ या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीचा, अनेकदा ६५ टक्के वेळेच्या जागेवर. मात्र तिथे सहसा मास्टर्स लागते. नुसता प्रवेश देऊन पैशांचं ‘नंतर बघू’ म्हणणारं पत्र कुठूनही आलं तरी स्वीकारू नका.

अर्ज मात्र पडतो तो संशोधन-आराखड्यात. ‘मराठीसाठी चॅटबॉट बनवणार’ ही वस्तू झाली, प्रश्न नव्हे. तुमच्या लातुरातलंच वाक्य घ्या: ‘तो जेवायलाय.’ प्रमाण मराठीत ‘जेवायला’ ऐकलं की पुढे ‘गेला’, ‘बसला’ असं काही येणार असं वाटतं; मराठवाड्यात तेच रूप चालू क्रिया सांगतं. प्रमाण मजकुरावर शिकवलेलं मॉडेल इथे कोणतं क्रियापद शोधतं? आणि पुण्याचा श्रोता त्या शब्दावर किती मिलिसेकंद अडखळतो? पहिला प्रश्न संगणकाचा, दुसरा मनाचा, आणि दोन्ही मोजता येतात. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या अनेक भाषांच्या प्रकल्पातल्या मराठी वृक्षकोशात (वाक्यरचनेच्या खुणा केलेल्या वाक्यांचा संग्रह) जेमतेम ४६६ वाक्यं आहेत. अशी दोनशे बोलीवाक्यं ध्वनिमुद्रित करून, बोलणाऱ्यांची लेखी संमती घेऊन, नीट खुणा करून जोडलीत तर आराखड्याला खरं वजन येईल. मुद्रण १६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेला आवाज दाबला जातो आणि स्वर मोजताना दगा देतो. खुणा दोघांनी वेगवेगळ्या कराव्यात. कुठे जुळत नाही ते लिहून ठेवा, परीक्षक तेच विचारतात.

प्रश्न : मी एम.ए. मराठी आहे, प्रोग्रामिंग येत नाही. कॉग्निटिव्ह सायन्सचं (संज्ञान-विज्ञान, म्हणजे मन कसं चालतं याचा अभ्यास) दार मला बंद आहे का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : बंद नाही. मराठीच्या नेटवरही जेआरएफ मिळते, रक्कम तीच. नांदेडहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. तिथल्या केंद्रीय विद्यापीठात उपयोजित भाषाविज्ञान आणि संज्ञान-विज्ञान दोन्हींची केंद्रं आहेत. जाहिरातीत पात्रतेची ओळ मात्र शब्दन् शब्द वाचा, कारण प्रत्येक केंद्राची अट वेगळी असते. दरम्यान सहा महिने रोज तासभर पायथन आणि आर या प्रोग्रामिंग भाषा शिका. प्रयोग मांडायला सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. खरी अडचण संख्याशास्त्राची येते. ते टाळू नका. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या साधारणतः पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावरच मिळतात, म्हणून नोंदणीचं पत्र हाती येताच जाहिरातींवर लक्ष ठेवा.