लष्करात आहे, जम्मूला परवान्यावर घेतलेलं रिव्हॉल्व्हर बदलीनंतर महाराष्ट्रात कुठे नोंदवायचं? गावच्या मित्राला विकता येईल का?

मित्राला विकता येईल. पण "त्याच्याकडेही परवाना आहे, माझ्याकडेही आहे, सुट्टीवर गेलो की देऊन टाकतो, कागदाचं मागाहून बघू" असं जे तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, तसं अजिबात नाही. मी पायदळातून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलोय. हेच बोलणं मी माझ्या दाजींच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावरून घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी नोंदणी. तीस दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाला जाताय आणि हत्यार बरोबर नेताय, तर पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत दोन्हीकडे लेखी कळवायचं. एक, जिथून परवाना निघाला किंवा शेवटचं नूतनीकरण झालं तिथे. दुसरं, नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला. तुमची बदली देवळालीला आहे. देवळाली कॅम्प नाशिक पोलीस आयुक्तालयात मोडतं, म्हणजे तुमचा अर्ज आयुक्तालयात जाईल. पुढे पेन्शनवर सांगलीकडे आपल्या गावी गेलात की तोच अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. परवाना आणि हत्यार दाखवायला सांगितलं तर दोन्ही घेऊन जायचं, नव्या पत्त्याचा शेरा परवान्यावर मारून घ्यायचा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. पोच नसेल तर तुम्ही कळवलंच नाही असं समजा.

पण निघण्याआधी परवाना उघडून क्षेत्र कोणतं लिहिलंय ते वाचा. फौजींना संपूर्ण भारताचं क्षेत्र मिळू शकतं, पण ते आपोआप मिळत नाही. नुसतं जम्मू-काश्मीर लिहिलेलं असेल तर ते वाढवून घेतल्याशिवाय हत्यार ट्रंकेत टाकून झेलम एक्सप्रेस धरू नका. युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पडलाय का तेही बघा, त्याच्याशिवाय परवाना ग्राह्य धरत नाहीत.

आता जम्मूच्या परवान्याचं. हे कुणी तोंडावर सांगत नाही, पण तुम्हाला भोगावं लागणार आहे. २०१७ मध्ये राजस्थान एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) बोगस परवान्यांचा धागा पकडला, पुढच्या वर्षी प्रकरण सीबीआयकडे गेलं. २०१२ ते २०१६ या काळात जम्मू-काश्मीरमधून अपात्र लोकांना दिलेल्या परवान्यांचा आकडा सीबीआयने २.७८ लाखांच्या वर सांगितला. दलाल, बंदुकीचे दुकानदार, अधिकारी सगळे त्यात आले. फौजींच्या नावाने खोटे कागद लावूनही परवाने काढले गेले. कमावलं त्यांनी आणि संशय आला आमच्या माथी.

माझा परवाना नेमका त्याच काळातला. आमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसाने तो नीट उघडलाही नाही. जिल्ह्याचं नाव वाचलं आणि दहा लोकांच्या देखत म्हणाला, "जम्मूचा का? मग पडताळणी येईपर्यंत इथे काही व्हायचं नाही." पडताळणी करायचा त्याचा हक्क मला मान्य आहे. त्याचा सूर मला मान्य नव्हता, आजही नाही. माझ्या फाइलीत पोस्टिंगचा पुरावा होता, सीओ साहेबांचं (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचं) पत्र होतं, दुकानाची पावती होती, युनिटच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यार जमा केल्याच्या नोंदी होत्या. सगळ्याच्या छायाप्रती टेबलावर ठेवल्या, पोच मागितली, ती मिळेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. पडताळणी यायला उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. तोवर रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा, पावती माझ्याकडे. परवाना खरा होता, तसं उत्तर आलं आणि नोंद झाली. म्हणून सांगतो, आज युनिटमध्ये आहात तोवर सगळे कागद गोळा करून ठेवा. पेन्शनवर आल्यावर कोतातल्या नोंदीचा उतारा काढायला कुणाला पत्र लिहिणार?

आणि आता दाजी. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आणि आमच्याकडे दाजींना नाही म्हणायची पद्धत नाही. त्यांच्याकडे वडिलांपासून आलेली बाराबोर बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा माझं .३२ चं रिव्हॉल्व्हर विकत मागितलं. रोख पैसे घेऊनच ओसरीवर आले होते. वरातीत कमरेला लावायचं होतं, हे त्यांनी लपवलंही नाही. म्हणाले, "तुझ्याकडे परवाना, माझ्याकडे परवाना, मग मधे सरकार कुठून आलं?"

सरकार आलं ते शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मधून. स्वतःच्या वापराचं हत्यार पात्र माणसाला विकायला तुम्हाला दुकानदाराचा परवाना लागत नाही. पण विकायचा विचार आहे हे, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह, जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. पैसे देऊन झाले तरी त्याआधी हत्यार हातात द्यायचं नाही. घेणाऱ्याचा परवाना त्याच प्रकारच्या हत्याराचा हवा. पिकं राखायच्या बाराबोरच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर चढत नाही, त्याला वेगळी मंजुरी लागते. तुमच्या मित्राकडे नक्की कसला परवाना आहे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. त्याच्याकडे आधीच दोन हत्यारं असतील तर विषयच संपला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच.

मी दाजींचे पैसे परत त्यांच्या हातात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात लेखी कळवून आलो. लग्न त्या ४५ दिवसांच्या आत पडत होतं. अक्काचा फोन आला, रडत होती. "लग्नापुरतं दे, मागनं कर काय करायचं ते" म्हणाली. दिलं नाही. लग्नाला गेलो, मामा म्हणून जे करायचं ते सगळं केलं, आहेरात हात आखडला नाही. वरातीत त्यांच्या भावकीतल्या एकाने बाराबोरचा बार हवेत काढला. डिसेंबर २०१९ पासून अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो बार माझ्या नावावरच्या रिव्हॉल्व्हरमधून निघाला असता आणि खाली कुणाचं पोर उभं असतं, तर पहिला शोध माझा लागला असता. त्या दिवशी सुदैवाने कुणाला लागलं नाही.

पुढे ठाण्याच्या चौकशीत दाजींवर बांधाच्या भांडणाचा गुन्हा प्रलंबित असल्याचं निघालं आणि रिव्हॉल्व्हरची मंजुरी नाकारली गेली. तेव्हापासून दाजी पाव्हण्यारावळ्यांत सांगत फिरतात की मेहुण्याने पोलिसांना सांगून काम बिघडवलं. मी काहीही सांगितलं नाही. गुन्हा ठाण्याच्याच नोंदीत होता, अर्ज आला की तो बघणारच. आणि ४५ दिवस ठेवलेत ते एवढ्यासाठीच. ज्याच्यावर मारामारीची केस चालू आहे त्याला भांडणाच्या ऐन भरात रिव्हॉल्व्हर मिळू नये, मग तो माझा दाजी का असेना. "पाव्हण्यावर विश्वास नाही का" हा प्रश्न इथे लागूच होत नाही. विश्वास असेल तर माणूस ४५ दिवस थांबतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, इथेही लिहितो.

शेवटी मी ते परवानाधारक दुकानदाराला रीतसर विकलं आणि माझ्या परवान्यावरून नोंद कमी करून घेतली. तुम्हालाही हाच रस्ता सुचवेन. मित्राची मंजुरी, तुमची पडताळणी, दोन जिल्ह्यांचे पोलीस अहवाल, हे सगळं सुट्टीत बसत नाही. आणि परवान्यावर नसलेलं हत्यार मित्राकडे सापडलं तर त्याला किमान दोन, जास्तीत जास्त पाच वर्षं. तुम्ही तर अजून नोकरीत आहात. गुन्ह्यात नाव आलं की युनिटमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तीन गोष्टी राहिल्या. देवळालीत लाइनमध्ये, म्हणजे बराकीत, राहणार असाल तर हत्यार कोतात जमा करा, कायद्यानेच सैनिकाला युनिट शस्त्रागारात ठेवायची मुभा दिली आहे. विवाहित क्वार्टरमध्ये ठेवायचं असेल तर आधी युनिटची लेखी परवानगी घ्या. आणि मी लिहिलंय ते माझ्या जिल्ह्याच्या अनुभवावरून. कायदा सगळीकडे एकच असला तरी कुठला कागद आधी मागतात हे कार्यालयागणिक बदलतं, तेव्हा नाशिकला अर्ज करण्यापूर्वी तिथली यादी विचारून घ्या. विक्रीच्या अर्जात उरलेली काडतुसंही संख्येसह लिहा. कलम ५ मध्ये हत्याराबरोबर दारूगोळाही येतो, आणि बहुतेक लोक तो लिहायचा विसरतात.