सरावाच्या वहीखाली लपवलेली दुसरी वही

आदरणीय ताई,
मी 33 वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून व्हायोलिन वाजवते आणि आता तोच माझा व्यवसाय आहे. दीड वर्षापूर्वी एका ओल्या भिंतीपाशी कोणीतरी माझ्या हातात भिंग दिले आणि आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो ते मॉस मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसले. तेव्हापासून मी त्याच्या नोंदी एका वहीत करते. परवा सरावाच्या वहीखाली ठेवलेली ती वही मला व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या हाती लागली. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ असे त्या म्हणाल्या आणि कोणत्याही विद्येला 10,000 तास द्यावे लागतात, याची त्यांनी आठवण करून दिली. आता भिंग उचलले की सरावाचा वेळ चोरल्यासारखे वाटते. हा नाद सोडून द्यावा का? आणि सोडायचा नसेल, तर सूक्ष्मदर्शक घेऊ का?
– द्विधा

प्रिय द्विधा,

सोडू नका. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण पत्रातल्या ‘चोरल्यासारखे’ या शब्दावर मला सावकाश बोलायचे आहे.

बाईंनी सांगितलेला आकडा ज्या अभ्यासामुळे सर्वतोमुखी झाला, तो नेमका तुमच्याच वाद्याचा आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिकसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या एका संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा दिनक्रम तपासून 1993 साली तो प्रसिद्ध केला. सर्वांत कुशल गटातील विद्यार्थ्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरी 10,000 तासांच्या आसपास भरला होता. ती सरासरी होती, ओलांडायचा उंबरठा नव्हता. आणि 26 वर्षे वाजवणाऱ्या तुम्ही तो आकडा केव्हाच मागे टाकला असणार. त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. मन पूर्ण एकाग्र करून केलेला सराव दिवसाला चारएक तासांपलीकडे दीर्घकाळ टिकवता येत नाही, असे त्या संशोधकांना आढळले, आणि अधिक कुशल विद्यार्थी इतरांपेक्षा झोपही जास्त घेत होते. तेव्हा चार तासांनंतर मान आखडलेली आणि कान थकलेला असताना तुम्ही भिंग उचलता, तो वेळ व्हायोलिनचा नव्हताच. जे व्हायोलिनचे नव्हते, ते तुम्ही त्याच्याकडून चोरणार कसे?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही लिहिले आहे की मॉसच्या बाबतीत आपल्याला ‘काहीच येत नाही’, आणि त्याची तुम्हाला लाज वाटते. मला तर या छंदाचे खरे मोल तिथेच दिसते. ज्या विषयात माणूस निष्णात होतो, त्यात त्याला आधी चूक ऐकू येते. गज किंचित घसरला, तिसरे बोट केसभर मागे पडले, की बाकीचा सूर कितीही चांगला लागलेला असला तरी तुमचे लक्ष त्या केसभर अंतरावरच खिळते. ही तुमच्या कलेची गरज आहे, पण चोवीस तास असे जगणे माणसाला जाचते. मॉससमोर तुम्ही पुन्हा सात वर्षांच्या होता. वाळून तपकिरी पडलेला, मेल्यासारखा दिसणारा पुंजका तुम्ही तळहातावर घेतलात, त्यावर पाण्याचा एक थेंब सोडलात आणि भिंगाखाली मुरडलेली पाने एकेक करून उलगडत हिरवी झाली, असे तुम्ही लिहिले आहे. हे कसे होते, हेही तुम्ही शोधून काढलेत: बहुतेक मॉसचे पान एकाच पेशीच्या जाडीचे असते आणि मॉसला खरी मुळे नसतात, त्यामुळे पाणी थेट पानातूनच आत शिरते. पत्रातला हा परिच्छेद मी तीनदा वाचला. संपूर्ण पत्रात अपराधीपणाचा लवलेश नसलेल्या ओळी तेवढ्याच आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बाईंपुढे या छंदाची बाजू मांडताना ‘याचा मला वादनात उपयोग होईल’ असे म्हणण्याचा मोह टाळा. तशी उदाहरणे आहेत, हे मला ठाऊक आहे. विल्यम हर्शेल हा व्यवसायाने संगीतकार. संगीतातील स्वरांच्या गणितावरचे एक पुस्तक आवडले, म्हणून त्याने त्याच लेखकाचे प्रकाशशास्त्रावरचे पुस्तक वाचायला घेतले. तिथून तो दुर्बिणीकडे वळला, दुर्बिणींचे आरसे स्वतःच्या हाताने घासू लागला आणि 13 मार्च 1781 रोजी त्याला युरेनस सापडला. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत (ठसे मारून घडवलेली) नाणी एकेक करून काटेकोर तोलली. वापरातले नाणे झिजत जाते आणि झीज वजनात मोजता येते, या साध्या गोष्टीला संख्याशास्त्राची जोड देऊन त्यांनी नाण्यांचा कालक्रम लावण्याची रीत बसवली, आणि नाण्यांच्या वाटेने ते इतिहासात शिरले. ही माणसे मला मनापासून प्रिय आहेत. पण छंदाला उपयोगाच्या आधारावर उभे केले, की ज्या दिवशी उपयोग दिसणार नाही त्या दिवशी तो पुन्हा चोरी ठरेल. तुमच्या मॉसमधून कधीही काहीही निष्पन्न झाले नाही, तरी तुम्ही त्याच्याकडे पाहत राहायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादी गोष्ट कशी आहे हे नीट जाणून घेणे हे स्वतःच पुरेसे कारण आहे.

बाईंची भीती निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. हर्शेलने युरेनस शोधल्यानंतर पुढच्याच वर्षी त्याला राजाकडून वेतन मिळू लागले आणि त्याने संगीताचा व्यवसाय सोडला. म्हणजे दुसऱ्या विषयाने पहिल्याची जागा घेतली. अलेक्झांडर बोरोदिन हा पेशाने रसायनशास्त्रज्ञ. संगीतरचना त्याला कामातून उरलेल्या वेळातच करता येई. त्याचा एक ऑपेरा जवळजवळ 18 वर्षे रेंगाळला आणि 1887 साली तो वारला तेव्हाही अपुराच होता. तो त्याच्या संगीतकार स्नेह्यांनी पूर्ण केला. दोन विषयांवर जीव असण्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारत राहा, आणि उत्तर मनात न ठेवता वहीत लिहून काढा: सराव बिघडतो, त्या दिवशी मी भिंग सराव संपवून उचलते की तो अर्धा टाकून? संपवून उचलत असाल, तर काळजीचे कारण नाही. अर्धा टाकून उचलत असाल आणि हे महिना-दोन महिने होत राहिले, तर मॉस ही पळवाट झाली आहे आणि बिघाड व्हायोलिनच्या बाजूला आहे. त्याविषयी बाईंशीच बोलायला हवे. त्याचा दोष मॉसला देऊन ते सोडून दिलेत, तर बिघाड तसाच राहील आणि विसावा तेवढा जाईल.

बाईंना वही मुद्दाम दाखवा, लपवू नका. माफी मागू नका आणि वादही घालू नका. त्यांच्या हातात भिंग द्या, ते डोळ्याच्या अगदी जवळ धरायला सांगा आणि बीजाणूंची एखादी पिकलेली कुपी त्यांना दाखवा. झाकण गळून पडल्यावर तिच्या तोंडाशी दातांची जी नाजूक झालर उघडी पडते, ती तुम्हाला पहिल्यांदा दिसली तेव्हा तुम्ही श्वास रोखला होता, असे तुम्हीच लिहिले आहे. बाईंना ती आवडेलच असे नाही. पण ज्या चिकाटीने त्यांनी तुम्हाला एकेक स्वर ऐकायला शिकवले, तीच चिकाटी तुमच्या नोंदींत त्यांना ओळखू येईल, अशी मला आशा आहे.

राहता राहिला सूक्ष्मदर्शक. आत्ता घेऊ नका. तुमचे 10 पट मोठे दाखवणारे भिंग अजून तुम्हाला पुष्कळ दिवस पुरेल: पुंजक्याची ठेवण, पानाचे टोक, मधली शीर आहे की नाही, कुपी ताठ आहे की झुकलेली, एवढ्या नोंदींनीच वहीची बरीच पाने भरतील. मात्र मॉसच्या अनेक जाती पानातील पेशींचा आकार पाहिल्याखेरीज ओळखता येत नाहीत. अशा पाच-सहा जाती वहीत प्रश्नचिन्हासह साठल्या आणि त्यांनी तुम्हाला स्वस्थ बसू दिले नाही, की मग घ्या.

तुमची,
ताई