बाळ काचेच्या पेटीत असताना

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कोरडवाहू शेती करतो. पत्नीची प्रसूती सातव्या महिन्यातच झाली आणि १३०० ग्रॅमचे बाळ दोन आठवड्यांपासून सरकारी रुग्णालयात काचेच्या पेटीत आहे. पत्नी नीट जेवत नाही. ‘माझ्याच अंगाने बाळाला सांभाळले नाही’ एवढेच म्हणते. आई सांगते, बाळाला फार जीव लावू नका. कापूस वेचणीला आल्याने मला गावी जावे लागते आणि तिथे झोप येत नाही.

उत्तर : पत्नीला आधी हे सांगा की यात तिचा दोष नाही. रक्तदाब, जंतुसंसर्ग, गर्भजल लवकर जाणे अशा कारणांनी दिवस भरण्याआधी प्रसूती होते, आणि पुष्कळदा नेमके कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून तिला ऐकवता आले तर अधिक बरे.

आपल्या आईचे बोलणे कठोर वाटले तरी त्यामागे भीती असावी; तिच्या पिढीने घरोघरी बाळे गेलेली पाहिली आहेत. मात्र तिचा सल्ला मानू नका, कारण अशा बाळाला आईबापाचा स्पर्शच हवा असतो. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते. ‘आम्हाला केव्हा घेता येईल?’ असे सिस्टरला स्वतःहून विचारा. शर्टाची बटणे काढून वडीलही बाळाला असे धरू शकतात. तोवर पत्नीने दर दोन-तीन तासांनी दूध काढावे. वाटीच्या तळाशी चमचाभरच जमले तरी ते बाळासाठी मोलाचे आहे, आणि आपणही बाळासाठी काही करतो आहोत हे तिला त्यातूनच जाणवेल.

रोजच्या वजनात दहा-वीस ग्रॅम कमी भरले की आईबाप खचतात. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवड्याचा कल डॉक्टरांना विचारा.

आपली झोपमोड हेही दुःखच आहे, ते भावाजवळ किंवा मित्राजवळ बोला. वेचणी काही दिवस सावडीने, म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांना हातभार लावून, होत असेल तर तसे सांगण्यात संकोच कसला? पत्नीची उदासी दोन आठवडे होऊनही हटलेली नाही, म्हणून ती आताच डॉक्टरांना सांगा. जगणे नको असे ती बोलू लागली, तर मात्र त्याच दिवशी सांगा आणि तिला एकटी ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येते, आणि तो आपल्यासाठीही आहे.